निकालाआधीच क्लासचा फोन कसा येतो? 'लीड' म्हणजे काय आणि ती तयार कशी होते?

दहावीचा शेवटचा पेपर संपतो आणि मुखेड, उदगीर, कंधार किंवा अहमदपूरच्या एखाद्या घरात फोन वाजायला लागतो. "सर, मुलाचं पुढे काय ठरवलंय? नीट की जेईई? आमच्याकडे डेमो लेक्चर ठेवलंय, रविवारी या." पालकांनी कुठेच चौकशी केलेली नसते. तरी समोरच्याला मुलाचं नाव, शाळा आणि कधीकधी सराव परीक्षेतले गुणही माहीत असतात.

पहिला फोन कौतुकाचा वाटतो. पाचव्या फोनला शंका येते. दहाव्या फोनला पालक विचारतात, "माझा नंबर दिला कुणी?"

या प्रश्नाचं उत्तर एका छोट्या शब्दात आहे, 'लीड'. क्लासेस, हॉस्टेल, सोलार, प्लॉटिंग, गाड्यांच्या शोरूम अशा सगळ्या धंद्यांत आज हा शब्द रोज वापरला जातो. लीड म्हणजे काय, ती कशी मिळवतात, तिचा हिशोब कसा करतात आणि आपला नंबर कुणाच्या तरी यादीत गेला असेल तर काय करता येतं, हे समजून घेऊया.

लीड म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर लीड म्हणजे अशी व्यक्ती, जिला तुमची वस्तू किंवा सेवा घ्यायची इच्छा असू शकते आणि जिच्याशी संपर्क करण्याचा मार्ग तुमच्याकडे आहे. दोन्ही गोष्टी हव्यात. नुसता नंबर असेल आणि इच्छा नसेल, तर ती यादी झाली. नुसती इच्छा असेल आणि नंबर नसेल, तर तो रस्त्यावरून जाणारा माणूस झाला.

लातूरच्या बाजार समितीचं उदाहरण घ्या. सोयाबीनच्या हंगामात शेकडो शेतकरी यार्डात येतात. त्यातले काही नुसते बोर्डावरचा भाव वाचून पुढे जातात. काही जण आडत दुकानात थांबतात, मालाचा नमुना दाखवतात, "माझ्याकडे चाळीस कट्टे आहेत, काय भाव लागेल?" असं विचारतात आणि नंबर देऊन जातात. काही जण माल उतरवून काट्यावर चढवतात.

यातला पहिला फक्त बघणारा, दुसरा म्हणजे लीड आणि तिसरा ग्राहक. दुसऱ्याला तिसऱ्याच्या जागी आणणं म्हणजे विक्री. आणि पहिल्याला दुसऱ्याच्या जागी आणणं म्हणजे 'लीड जनरेशन'.

ही कल्पना नवीन नाही. जुन्या दुकानांत 'चौकशी वही' असायची. कुणी लग्नाच्या बस्त्याची विचारपूस केली की नाव, गाव आणि लग्नाची तारीख त्यात लिहिली जायची. आज वहीच्या जागी एक्सेल शीट आणि सॉफ्टवेअर आलं, एवढाच फरक.

लातूर-नांदेडमध्ये लीडला एवढी किंमत का?

यासाठी 'लातूर पॅटर्न' समजून घ्यावा लागतो. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय अशा संस्थांनी जादा तास, सततच्या चाचण्या आणि प्रश्नपत्रिकांचा भरपूर सराव या जोरावर बारावीच्या निकालात नाव कमावलं. गुणवत्ता यादीत लातूरची मुलं झळकू लागली आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर पोहोचला. पुढे वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांचं महत्त्व वाढलं, तशी कॉलेजच्या सोबतीला खासगी क्लासेसची मोठी बाजारपेठ उभी राहिली. नांदेडमध्येही भाग्यनगर, श्यामनगरसारख्या भागांत तेच चित्र दिसतं.

या बाजारपेठेची तीन वैशिष्ट्यं आहेत.

पहिलं, ग्राहक बाहेरगावचा असतो. हिंगोली, परभणी, बीड, धाराशिव, यवतमाळ, सोलापूर अशा जिल्ह्यांतून मुलं येतात. त्यामुळे नुसता चौकात बोर्ड लावून भागत नाही. पालकाच्या गावापर्यंत पोहोचावं लागतं.

दुसरं, निर्णय वर्षातून एकदाच होतो. मार्च ते जून या चार महिन्यांत ज्याच्याकडे पालकांचे नंबर, त्याच्याकडे प्रवेश. जुलैमध्ये तीच यादी जवळपास निरुपयोगी ठरते.

तिसरं, एका प्रवेशावर अनेकांचं पोट असतं. क्लासमध्ये मूल आलं की त्याला हॉस्टेल लागतं, मेस लागते, लायब्ररी किंवा अभ्यासिका लागते, पुस्तकं लागतात, कधी सायकल लागते. म्हणजे एकच नंबर पाच-सहा व्यावसायिकांच्या कामाचा असतो. यादी एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यामागचं मोठं कारण हेच आहे.

आणि पालकांच्या बाजूने बघितलं तर हा साधा खर्च नसतो. कोरडवाहू शेती असलेल्या घरासाठी दोन वर्षांची फी, राहणं आणि जेवण म्हणजे सोयाबीनच्या एक-दोन हंगामांचे पैसे. त्यामुळे फोनवर झालेला घाईचा निर्णय महागात पडू शकतो.

लीड कुठून येते?

साधारणपणे सहा मार्गांनी.

*१. मोफत काहीतरी देऊन.* 'स्कॉलरशिप टेस्ट' हे याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण. परीक्षा मोफत, फीमध्ये मोठी सवलत आणि फॉर्मवर विद्यार्थ्याचं नाव, शाळा, पालकांचा व्यवसाय आणि मोबाईल नंबर. परीक्षा खरी असते, सवलतही मिळू शकते. पण क्लासच्या दृष्टीने त्या दिवसाची खरी कमाई म्हणजे तो भरलेला फॉर्म. मोफत करिअर मार्गदर्शन शिबिर, मोफत नोट्सची पीडीएफ, गुणवंतांचा सत्कार, सगळ्यांचं तत्त्व एकच आहे.

*२. सोशल मीडियावरच्या जाहिराती.* फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर 'अधिक माहिती' किंवा 'साइन अप' असं बटण असलेली जाहिरात दिसते. ते दाबलं की एक फॉर्म उघडतो आणि त्यात तुमचं नाव, नंबर आधीच भरलेला असतो, कारण तो तुमच्या प्रोफाइलमधून उचललेला असतो. दोन वेळा बोट लावलं की तुम्ही लीड झालात. फेसबुकने या प्रकारच्या जाहिराती २०१५ मध्ये आणल्या. आता तर जाहिरातीवर बोट लावताच थेट व्हॉट्सॲप चॅट उघडतं आणि पहिला 'हाय' पाठवताच नंबर समोर पोहोचतो.

*३. गुगलवरचा शोध.* 'लातूरमधलं मुलींचं हॉस्टेल' असं जो शोधतो, त्याची गरज आजची असते. त्यामुळे अशी लीड सगळ्यात पक्की मानली जाते.

*४. चौकशी विकणाऱ्या वेबसाइट.* जस्टडायल आणि इंडियामार्ट या दोन्ही कंपन्यांची सुरुवात १९९६ ची. तुम्ही तिथे एखादी गोष्ट शोधता आणि तुमची चौकशी पैसे भरलेल्या विक्रेत्यांपर्यंत जाते. एका चौकशीवर चार-पाच फोन येतात ते यामुळे. तिथे 'लीड' हीच विकायची वस्तू असते.

*५. ओळख आणि कमिशन.* गावातला माजी विद्यार्थी, एखादे शिक्षक, झेरॉक्सवाला, नातेवाईक. "अमक्याच्या मुलाला पाठवतो" असं सांगितलं जातं. काही वेळा हे निव्वळ प्रेमापोटी असतं, काही वेळा प्रत्येक प्रवेशामागे ठरलेली रक्कम असते. सल्ला देणाऱ्याला पैसे मिळतात की नाही, हे पालकांना कळलं पाहिजे. बहुतेकदा ते कळत नाही.

*६. विकत घेतलेली यादी.* शाळा, परीक्षा, फॉर्म भरून देणारी दुकानं, जुने क्लास अशा कुठूनतरी बाहेर पडलेली नावं आणि नंबर. तांत्रिकदृष्ट्या ही लीड नाहीच, कारण या माणसाने काही विचारलेलंच नाही. निकालाआधी येणाऱ्या अनोळखी फोनचं मूळ अनेकदा इथे असतं.

लीडचा हिशोब कसा करतात?

समजा, नांदेडमधल्या एका छोट्या क्लासने मे महिन्यात इन्स्टाग्राम जाहिरातीवर २०,००० रुपये खर्च केले. फॉर्म आले ४००. म्हणजे एक लीड पडली ५० रुपयांना. ऐकायला स्वस्त वाटतं.

आता पुढे बघूया. ४०० पैकी १६० जणांनी फोन उचलला आणि नीट बोलले. त्यातले ४० जण क्लास बघायला आले. १० जणांनी प्रवेश घेतला. म्हणजे एका प्रवेशाचा जाहिरात खर्च झाला २,००० रुपये. त्यात फोन करणाऱ्या मुलीचा महिन्याचा १२,००० रुपये पगार धरला तर एकूण खर्च ३२,००० आणि एका प्रवेशामागे ३,२०० रुपये.

यालाच विक्रीच्या भाषेत 'फनेल' म्हणतात. आपण नरसाळं म्हणू. वरून खूप ओतलं जातं, खालून थोडं बाहेर येतं. शहाणा व्यावसायिक वरचं तोंड मोठं करण्याआधी गळती कुठे आहे ते शोधतो. वरच्या उदाहरणात ४०० पैकी २४० जण बोललेच नाहीत. त्यांना फोन दुसऱ्या दिवशी केला होता का? शेतात कामाच्या वेळी केला होता का? फॉर्म चुकून भरला गेला होता का? इथे सुधारणा झाली तर जाहिरातीवर एक रुपयाही न वाढवता प्रवेश वाढतात.

म्हणूनच 'एका लीडचा खर्च' हा आकडा एकटा फसवा असतो. 'एका ग्राहकाचा खर्च' हा खरा आकडा.

कच्ची लीड, पक्की लीड

प्रत्येक चौकशी सारखी नसते. अनुभवी विक्रेता चार गोष्टी पाहतो: गरज खरी आहे का, पैशाची तयारी आहे का, निर्णय कोण घेणार आणि कधी घेणार.

अकरावीच्या मुलाने फॉर्म भरला, पण फी वडील देणार आणि ठरवणार मामा, असं असेल तर मुलाला दहा वेळा फोन करून उपयोग नाही. सुशिक्षित, शहरातल्या नातेवाइकाचा शब्द अनेक घरांत शेवटचा असतो.

चौकशीला उत्तर किती लवकर मिळालं, हेही महत्त्वाचं. संध्याकाळी हॉस्टेलची विचारपूस करणारा पालक सकाळपर्यंत आणखी तीन ठिकाणी बोललेला असतो.

फक्त क्लासेसचा विषय नाही

नांदेडमध्ये तख्त सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला पंजाब, हरियाणा, दिल्लीसह परदेशातूनही भाविक येतात. इथल्या लॉज आणि टॅक्सीवाल्यांची लीड दीड-दोन हजार किलोमीटर लांब बसलेली असते आणि ती हिंदी किंवा पंजाबीत शोध घेते. फक्त मराठी बोर्डाची माहिती इंटरनेटवर टाकून ती मिळणार नाही.

छतावरच्या सोलारचंही तसंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना आली. तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. त्यानंतर सोलार बसवणाऱ्यांच्या जाहिराती वाढल्या. इथे पक्की लीड ओळखायला एकच प्रश्न पुरतो: "महिन्याचं वीजबिल किती येतं आणि छत स्वतःचं आहे का?"

लातूरच्या डाळ मिलवाल्यासाठी तर लीड म्हणजे घरगुती ग्राहक नाहीच. चेन्नई किंवा कोलकात्याचा एक घाऊक व्यापारी त्याला हजार लाइक्सपेक्षा मोलाचा.

छोट्या व्यावसायिकाने सुरुवात कुठून करावी?

मोठं बजेट नसेल तरी पुढच्या गोष्टी करता येतात.

• गुगल बिझनेस प्रोफाइल मोफत तयार करा. पत्ता, वेळ, खरे फोटो आणि चालू नंबर टाका. नंबर बदलला तर त्याच दिवशी दुरुस्त करा.

• व्हॉट्सॲप बिझनेस वापरा. त्यात 'नवीन चौकशी', 'भेट ठरली', 'पैसे आले' अशी लेबलं लावता येतात. हीच तुमची चौकशी वही.

• प्रत्येकाला विचारा, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" महिनाभर उत्तरं लिहून ठेवली की पैसा कुठे लावायचा ते आपोआप समजतं.

• जुन्या ग्राहकाला विसरू नका. मेसचं जेवण चांगलं असेल तर पुढच्या वर्षीची मुलं याच वर्षीची मुलं घेऊन येतात. ही सगळ्यात स्वस्त लीड.

• दर आणि अटी आधीच सांगा. किंमत लपवून चौकशी वाढते, विश्वास वाढत नाही.

• 'नको' म्हणणाऱ्याचा नंबर यादीतून काढा. तोच माणूस गावात तुमच्याबद्दल बोलणार असतो.

यादी विकत घेणं महागात का पडू शकतं?

पहिलं कारण व्यवहाराचं. तीच यादी दहा जणांना विकलेली असते. तुमचा फोन अकरावा ठरतो.

दुसरं कारण कायद्याचं. ट्रायच्या नियमांनुसार साध्या दहा अंकी नंबरवरून व्यावसायिक प्रचाराचे फोन करता येत नाहीत. प्रचारासाठी '१४०' ने सुरू होणारी मालिका आहे आणि सेवा-व्यवहाराच्या फोनसाठी '१६००' ची. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे नियम आणखी कडक झाले. नोंदणी नसलेल्या नंबरविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होऊ शकते. पहिल्या वेळी जाणारे फोन १५ दिवस बंद, पुन्हा तेच केलं तर एक वर्षासाठी जोडणी बंद.

तिसरं, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. तो ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी नियमांत १८ महिन्यांची मुदत दिली आहे. त्याचा गाभा असा: माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, संमती स्पष्ट हवी आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. संमतीची सूचना मराठीत मागण्याचा पर्यायही असला पाहिजे. या कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती 'बालक' आहे. तिच्या माहितीसाठी पालकांची खात्रीशीर संमती लागते आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यावर बंदी आहे. दहावीच्या मुलांची यादी हा म्हणूनच साधा कागद राहत नाही.

क्लासच्या जाहिरातींसाठी वेगळे नियमही आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निवडीची किंवा गुणांची हमी देता येत नाही. 'शेवटच्या पाचच जागा' अशी खोटी घाई दाखवता येत नाही. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो त्याच्या निवडीनंतर घेतलेल्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही आणि त्याने नेमका कोणता कोर्स केला होता तेही सांगावं लागतं. दोन वर्षांचा वर्ग केलेला विद्यार्थी आणि फक्त शेवटची टेस्ट सिरीज दिलेला विद्यार्थी, दोघांचा फोटो बॅनरवर सारखाच दिसतो. म्हणून हा नियम महत्त्वाचा.

पालकांनी काय करावं?

• फॉर्म भरताना 'तारांकित' नसलेले रकाने मोकळे सोडा. परीक्षेसाठी वडिलांचं उत्पन्न किंवा शेती किती, हे कशाला हवं, असा प्रश्न विचारायला हरकत नाही.

• अनोळखी फोन आला तर पहिला प्रश्न विचारा, "माझा नंबर कुठून मिळाला?" उत्तर लिहून ठेवा.

• नको असलेले प्रचाराचे फोन बंद करण्यासाठी १९०९ वर फोन करा किंवा त्याच क्रमांकावर इंग्रजीत 'स्टार्ट' आणि पुढे शून्य असा एसएमएस पाठवा. तक्रार सात दिवसांच्या आत १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर करता येते. नोंदणी नसलेल्या नंबरविरुद्ध तक्रार करण्यासाठी आधी डीएनडी घेतलेलं असण्याची गरज नाही.

• फोनवर पैसे पाठवू नका. 'आज भरले तरच सवलत' असं सांगितलं तर ती सवलत लेखी मागा. प्रत्यक्ष वर्गात बसा, शिकत असलेल्या मुलांशी बोला, हॉस्टेलची खोली बघा.

• फी परतीची अट आधी वाचा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मूल मध्येच क्लास सोडत असेल तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत देण्याचं सांगितलं आहे. दहावीची परीक्षा होण्याआधी किंवा १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, असंही त्यात म्हटलं आहे. याची अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली आहे, त्यामुळे पावती आणि लेखी अटी जपून ठेवा.

• फसवणूक झाल्यासारखं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

थोडक्यात

लीड मिळवणं यात चुकीचं काही नाही. गरज असलेल्या माणसापर्यंत पोहोचल्याशिवाय कुठलाच धंदा चालत नाही. लातूरच्या हॉस्टेलवालीचा नाही आणि नांदेडच्या टॅक्सीवाल्याचाही नाही. फरक पडतो तो नंबर कसा मिळाला यावर. पालकाने स्वतः विचारून दिला असेल तर ती चौकशी आहे. त्याला न विचारता कुणीतरी विकला असेल, तर ती चौकशी नाही.

पुढच्या वेळी फोन आला आणि "मुलाचं पुढे काय ठरवलंय?" असं विचारलं, तर उत्तर देण्याआधी आपणच एक प्रश्न विचारायचा: "आधी सांगा, नंबर कुणी दिला?"